तात्यांच्या घरात नेट आधी कुणाला?

सांगलीत विश्रामबागेत दुकान टाकलं तेव्हा पाटीवर 'संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंग' असं लिहून घेतलं. पाटी रंगवणारा उंब्रजचा, माझ्याच गावचा. ब्रश बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "गड्या, नेटवर्किंग म्हंजी त्ये साबण विकत माणसं जोडायची, त्येच का?" मी म्हटलं, माणसं नाही रे, कॉम्प्युटर जोडायचे. "मग कॉम्प्युटर काय एकमेकास्नी सोडून पळत्यात व्हय," असं म्हणून त्यानं 'नेटवर्किंग'ची अक्षरं जरा बारीकच काढली. पुढे किती तरी वर्षं त्या बारीक अक्षरांनीच माझं घर चालवलं.

आता दुकान बंद केलंय. घरी बसलो की नातवंडांची एकच तक्रार कानावर येते, नेट स्लो आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सांगलीत नेट स्लो वगैरे नसायचं. ते असायचं किंवा नसायचं. टेलिफोनची तार मॉडेम नावाच्या खोक्यात घालायची, खोकं नंबर फिरवायचं, मग पलीकडच्या खोक्याशी त्याची किंचाळून बोलणी व्हायची आणि नशीब असेल तर दिवा लागायचा. तेवढ्यात घरातल्या कुणी शेजारच्या खोलीतला फोन उचलला की सगळं मुसळ केरात. उन्हाळ्यात ढग गडगडले की मी गिऱ्हाइकांना आपणहून फोन करायचो, तार काढून ठेवा म्हणून. वीज फोनच्या तारेतून येऊन मॉडेम जाळायची. निम्मे लोक ऐकायचे नाहीत. त्यांच्यावर माझा मे महिना छान जायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. साताऱ्याचे एक वकील होते. त्यांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर, माडीवर मुलाचा एक, आणि दोघांत एक लाइन. मुलगा गाणी उतरवून घ्यायचा आणि साहेबांची कामं अडकायची. मला म्हणाले, "त्याचं नेट असं करून द्या, की चालू आहे असं दिसलं पाहिजे, पण चालता कामा नये." मी म्हटलं, वकीलसाहेब, तसं फक्त कोर्टात चालतं. ते हसले, पण पुन्हा मला बोलावलं नाही.

सांगलीतच एक शिकवणीचे क्लास होते. त्यांचं नेटवर्क दर शुक्रवारी बंद पडायचं. त्या वेळी सगळी मशीनं एकाच लांब केबलीवर माळेसारखी ओवलेली असत आणि केबलीच्या दोन्ही टोकांना धातूची एकेक टोपी लागे. टोपी निघाली की सगळी माळ मुकी. क्लासचे सर मला म्हणाले, शुक्रवारचं काही तरी आहे, बाधा वगैरे. शेवटी एका शुक्रवारी सकाळी मी तिथे जाऊन बसलो. झाडणाऱ्या मावशी दर शुक्रवारी देवीची भांडी घासल्यासारखी ती टोपी काढून चिंचेनं लख्ख करायच्या आणि सुकायला खिडकीत ठेवायच्या. मावशींना म्हटलं, एवढी सोडून बाकी काहीही घासा. बाधा उतरली. सर अजून भेटले की हात जोडतात.

पण मला सांगायचंय ते तात्यांच्या घराबद्दल.

तात्या हळदीचे व्यापारी. आडनाव सांगत नाही, सांगलीत सगळे एकमेकांना ओळखतात. पेठेत दुकान, विश्रामबागेत दुमजली बंगला. घरात तात्या, त्यांच्या पत्नी आक्का, धाकटे भाऊ आप्पा, आप्पांची कॉलेजात जाणारी दोन मुलं. तात्यांचा एकुलता मुलगा अविनाश इंजिनियर. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर चक्रावणार अशी तेव्हा हवा होती. ते दुरुस्त करायला आपली पोरं रांगेनं अमेरिकेला गेली, त्यात जूनमध्ये अविनाशही गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको वैशाली घरीच राहिली. ती दहिवडीकडची, म्हणजे दुष्काळी माण तालुक्यातली, बी.कॉम. झालेली.

घरात चार मशीनं झाली होती. खाली ऑफिसात तात्यांचं, शेजारच्या खोलीत आप्पांचं, माडीवर एका टोकाला मुलांचं आणि दुसऱ्या टोकाला वैशालीच्या खोलीत अविनाश ठेवून गेला होता ते. फोनच्या लाइनी दोन, एक दुकानाच्या नावावर, एक घराच्या. घरची लाइन तात्या नेटला द्यायला तयार नव्हते. पाव्हण्यांचे फोन लागले पाहिजेत. तेव्हा चार मशीनं आणि एक लाइन. रोज भांडणं. आप्पांना मुंबईचे भाव बघायचे असायचे, मुलांना क्रिकेट, आणि तात्यांच्या मशीनवरून हळदीच्या नमुन्यांचे फोटो जायचे दिल्लीला आणि आखातातल्या आडत्यांना. फोटो म्हणजे गठ्ठेच. एकेक जायला चहा होऊन जेवण व्हायचं.

मी त्यांना एक मधला कॉम्प्युटर बसवून दिला. जुना, पडदा नसलेला, जिन्याखालच्या कपाटात. त्यावर मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतलं लिनक्स घातलं. आज ज्याला राउटर म्हणतात आणि जो हाताच्या पंजाएवढा असतो, तोच हा, फक्त पिठाच्या डब्याएवढा. त्याचं काम काय? शेतात दारं धरणारा माणूस असतो ना, मोटर चालू झाली की खोरं घेऊन उभा राहतो, या वाफ्याचं दार मोडतो, त्या वाफ्याचं बांधतो, तसं. पाणी तेवढंच असतं. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुठल्या पाटानं, एवढंच त्याच्या हातात. फरक एवढाच की खोरेवाल्याला डोळे असतात, याला नसतात. याला जे सांगाल तेच तो करतो, आणि माणूस ओळखत नाही, फक्त मशीनचा नंबर ओळखतो. हे शेवटचं वाक्य मी तात्यांना तेव्हाही सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं, पण कानाआड केलं.

"तर तात्या," मी विचारलं, "नेट आधी कुणाला द्यायचं ते सांगा."

ऑफिसात तात्या, आप्पा, मुलं आणि दिवाणजी बसले होते. आक्का चहा ठेवून आत गेल्या. तात्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "ह्यात इचारायचं काय? घरात जसं हाय तसं. आधी माझं, मग आप्पाचं, मग पोरांचं."

मी म्हटलं, माणूस बघून नको, काम बघून ठरवू. काही कामांना खूप लागतं पण ती थांबू शकतात. काही कामांना अगदी थोडं लागतं पण त्यांना थांबता येत नाही.

"अवो, थोरल्याला थांबवून धाकट्याला वाढायचं म्हंजी घराला घरपण काय ऱ्हायलं?" तात्या म्हणाले. "तुमी तुमच्या दुकानात काम बघून लावा. हितं वयानं लावा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं कोण?"

आप्पांनी आठवण करून दिली, वर वैशालीचं एक आहे म्हणून. तात्यांनी हात उडवला. "तिला काय घाई हाय? लावा शेवटाला. पाव्हणं-रावळं आलं तर तेबी त्यातच बसूं द्या."

घर त्यांचं, हळद त्यांची, लाइन त्यांची. मी वयानं लावलं. तात्यांचं मशीन पहिलं, आप्पांचं दुसरं, मुलांचं तिसरं, आणि चौथ्यात बाकी सगळे. घरातली भांडणं थांबली. तात्या खूष झाले आणि पाव्हण्यांना कपाट उघडून दाखवू लागले. कपाटात शेजारीच हळकुंडांच्या नमुन्यांची पोती असत, त्यामुळे माझ्या मशीनचा पंखा काही दिवसांत पिवळाजर्द झाला. मी येऊन तो झाडायचो, तेवढीच माझी तिथली देखभाल.

तात्या स्वतः कधी कॉम्प्युटरला हात लावत नसत, हे इथे सांगायला हवं. त्यांच्या मशीनवर दिवाणजी बसायचे. तात्या शेजारच्या गादीवर तक्क्याला टेकून बसायचे आणि पडद्याकडे बघायचे. घरासाठी ईमेलचा पत्ताही एकच होता. कुणाचीही मेल आली की दिवाणजी ती छापायचे आणि जेवणाआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, गावाकडे पोस्टमन पत्र वाचून दाखवतो तशी. अविनाशच्या मेलही अशाच वाचल्या जात. साहजिकच त्यात हवापाणी आणि नमस्कारापलीकडे काही नसे. घरचा फोन दिवाणखान्यात, आणि अमेरिकेचा फोन म्हणजे मिनिटाला घाम फोडणारा. तिथे सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणार काय?

एकदा ऑक्टोबरात मी पंखा झाडत होतो तेव्हा वैशाली जिन्यावरून खाली आली. माझ्याशी तोवर ती 'चहा घ्या'पलीकडे बोलली नव्हती. दिवस गेलेले दिसत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू? आमचा नंबर कितवा आहे?"

मी म्हटलं, "कसला नंबर?"

"मशीनमध्ये. मामंजींचा पहिला आहे म्हणे. आमचा?"

मी सांगितलं. चौथा. पाव्हण्यांबरोबर.

ती म्हणाली, "तरीच."

तिचं म्हणणं असं होतं. अविनाशनं तिच्या आणि आपल्या, दोन्ही मशीनवर बोलायचा एक प्रोग्राम घातला होता. माइकवर बोललं की आवाज नेटवरून तिकडे, तिकडचा इकडे, फोनचा पैसा नाही. दर रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची रात्र असताना, दोघं बोलत. म्हणजे बोलायचा प्रयत्न करत. त्याचा आवाज हिला नीट यायचा. हिचा तिकडे जायचा नाही. एखादा शब्द जायचा, मग काही नाही. त्याला वाटायचं ही बोलतच नाही. तो गेला त्याचा हिला राग आहे, हे त्याला माहीत होतं. त्यामुळे त्याचा समज पक्का होत चालला होता, की ही माइकसमोर घुम्यासारखी बसून राहते.

"मग टाइप करा ना," मी म्हटलं.

"केलं. आवाज जात नाही असं लिहिलं तर त्यांना ते निमित्त वाटतं, म्हणतात माझा बरा येतो तुला. टायपून भांडण होतं दादा, समजूत निघत नाही."

नोव्हेंबरअखेर त्याचा करार संपत होता. कंपनी पुढे आणखी दोन वर्षं राहा म्हणत होती. सही करायची की नाही, ते तो हिला विचारत होता आणि हिचं उत्तर पोचत नव्हतं. मी म्हटलं, तुमचं उत्तर काय आहे? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. ती म्हणाली, "आमच्या माणात घराघरातला गडी मुंबईला. माझे वडील वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि दिवाळीला. मला आठवतंय, एकदा ते आले तर मी आईच्या मागं लपले आणि विचारलं, हे कोण आलेत. माझ्या बाळानं तसं विचारायला नको. एवढंच सांगायचंय मला. फार मोठं नाही हो, दोन वाक्यं आहेत."

दोन वाक्यं. आमच्या धंद्याच्या मापानं बघितलं तर बोलणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे काहीच नाही. पण तो आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे. उशिरा पोचलेला आवाज प्रोग्राम फेकून देतो. हळदीच्या फोटोचं तसं नसतं, तो दुपारी पोचला तरी पिवळाच असतो. रविवारी पेठ बंद, म्हणून दिवाणजी आठवड्याभराचे सगळे फोटो रविवारी सकाळीच पाठवायला बसत. पहिल्या नंबरच्या मशीनवरून गठ्ठ्यामागून गठ्ठे निघाले की चौथ्या नंबरच्या पाळीला काय येणार? येणाऱ्या वाटेवर गर्दी नव्हती, म्हणून त्याचा आवाज येत होता. जाणारी वाट तात्यांनी भरून टाकली होती.

मी त्याच दिवशी तात्यांकडे शब्द टाकला. सुनेचं खाजगी कसं सांगणार? एवढंच म्हटलं की रविवारी सकाळी वरच्या मशीनला आधी सोडू. तात्या म्हणाले, "सुनंला सासऱ्याच्या म्होरं? लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना कपाटात काय चाललंय ते कसं कळणार? "मला कळतंय न्हवं," तात्या म्हणाले, आणि विषय संपला. चोरून बदलावं असं मनात आलं होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडायला मिळतं ते विश्वासावर, तो एकदा गेला की धंदा गेला. वैशालीला म्हटलं, रविवारी येतो, काही जमतंय का बघू.

त्या रविवारी सकाळी मी पोचलो तर घरात वेगळंच चाललं होतं. आदल्या दिवशी अविनाशची मेल आली होती आणि दिवाणजींनी ती नेहमीप्रमाणे वाचली होती. त्यात त्यानं लिहिलं होतं, वैशालीला म्हणावं निदान या रविवारी तरी बोल, मला सोमवारी कंपनीला कळवायचं आहे. ताटं मांडून सगळे बसलेले असताना ते वाचलं गेलं. तात्यांचा पारा चढला. पोरगा सातासमुद्रापलीकडे एकटा, आणि ही त्याच्याशी बोलत नाही.

"ती बोलत न्हाई तर मी बोलतो," म्हणत तात्या जिना चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या खोलीत पाऊल टाकलं असेल. मागे मी, माझ्या मागे आक्का. वैशालीनं पदर सारखा करून खुर्ची सोडली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तात्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या हातात माइक दिला, लहान स्पीकर होते ते सुरू केले.

अविनाशचा आवाज खोलीत आला, अगदी स्वच्छ. "वैशाली? आहेस का?"

"आरं, मी तात्या बोलतोय," तात्या म्हणाले.

"वैशाली, बोल ना."

"वैशाली न्हाई रं, मी हाय, तात्या."

"तू बसली आहेस ना तिथे? मला दिसतंय, तुझं मशीन चालू आहे."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माइक तोंडाजवळ घेऊन पेठेत सौदा पुकारतात त्या आवाजात म्हणाले, "आव्या! आरं बाप बोलतोय तुजा!" खालून दिवाणजी जिना चढून धावत आले. अमेरिकेत मात्र काहीच पोचलं नाही.

तिकडून अविनाश थकलेल्या आवाजात बोलत राहिला. समोर बायको आहे अशा समजुतीनं बोलत होता. म्हणाला, "मला माहीत आहे तू का बोलत नाहीस. तुला न विचारता आलो मी. तात्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आजही होत नाही. पण तू एकदा 'ये' म्हणालीस ना, तर मी त्यांना तोंड देईन. तू काहीच बोलणार नसशील तर मग कशाला यायचं? सोमवारी सही करतो."

बापानं ऐकायचं नव्हतं ते बापानं ऐकलं होतं. तात्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघतच मला विचारलं, "माझा पयला नंबर हाय न्हवं? मग माझा आवाज का जाईना?"

"तात्या, नंबर तुमच्या खालच्या मशीनचा आहे," मी म्हटलं. "ते यंत्र माणूस ओळखत नाही. खाली तुमच्या नावानं फोटो चाललेत. इथे बसलात म्हणजे तुम्ही आत्ता शेवटच्या पंगतीला आहात."

दाराशी उभी असलेली वैशाली तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाजात राग नव्हता. "मामंजी, मी पण असंच बोलत होते. दर रविवारी."

तात्यांचा चेहरा मी विसरलो नाही. रागावलेला माणूस खजील होतो तेव्हा आधी त्याचे हात काय करावं ते विसरतात. ते उगाच टेबलावरचा माइक सरळ करत राहिले. मग दिवाणजींना म्हणाले, "खालचं बंद करा."

मी म्हटलं, बंद करायची गरज नाही, फक्त आधी कोण ते बदलायचं.

"हिला किती लागंल? माझं सगळं पाणी हिकडं वळवावं लागंल का?"

"अहो, अगदी थोडं लागतं. फक्त थांबता येत नाही. हिचं आधी गेलं तरी तुमचे फोटो दुपारच्या आत जातीलच."

तात्यांनी जरा विचार केला. आप्पांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी जेवलो होतो. पहिल्या पंगतीला मानकरी बसायला लागले तेव्हा तात्यांनी मांडवाच्या दारात उभं राहून त्यांना थांबवलं होतं आणि ओरडून सांगितलं होतं, ज्यांची एस.टी. हाय त्ये आधी बसा. शेवटची गाडी चुकली तर पाव्हणा स्टँडवर झोपायचा. मानकऱ्यांना काय, रात्रभर जेवता येतं. त्याचा त्या दिवशी कुणाला अपमान वाटला नव्हता. आमच्या भागात सगळीकडे तसंच करतात.

"म्हंजी ही एस.टी.वाल्यांची पंगत हाय," तात्या म्हणाले.

"बरोबर."

"मग आधीच असं सांगायचं न्हाई व्हय?"

सांगितलं होतं. पण त्या वेळी ते म्हणून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी वैशालीच्याच मशीनवर बसलो आणि तिथून खालच्या कपाटातल्या मशीनला हुकूम दिले. आधी आवाज, कुठल्याही मशीनवरचा असो, मग बाकी सगळं वयानं, तात्यांच्या मर्जीप्रमाणे. एवढ्यानं भागत नाही, कारण उसाची ट्रॉली एकदा जुन्या पुलावर चढली की मागच्या मोटारसायकलला पहिला मान असून उपयोग नसतो, ट्रॉली उतरेपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून फोटोंच्या गठ्ठ्यांचे लहान तुकडे करायला सांगितले, म्हणजे मधून मधून पूल मोकळा. ते करताना लाइन एकदा तुटली असती तर सगळंच बोंबललं असतं. स्पीकरमधून अविनाश म्हणत होता, "बरं, मग ठेवतो मी."

मी खुर्चीतून उठलो. वैशालीनं माइक घेतला. "अहो, थांबा. ऐकू येतंय का?"

पलीकडून तो म्हणाला, "वैशाली? अगं, किती स्पष्ट येतंय."

"मी दर रविवारी बोलत होते," ती म्हणाली.

तात्या उठले. आम्हा सगळ्यांना त्यांनी हातानंच बाहेर काढलं, दिवाणजींना तर दंडाला धरून. जाताना दार ओढून घेतलं. जिन्यात मला म्हणाले, "रविवारी सकाळच्याला घरची लाइन बी तिला द्या. पाव्हण्यांचं फोन दुपारनं येतील." दुसऱ्याच दिवशी मी तेही केलं. वरच्या मशीनचा आवाज घरच्या लाइनीनं, बाकी सगळं दुकानाच्या. दोन पाट, दोन दारं. खरं तर हे माझ्या धंद्यातलं त्या काळचं फार नाजूक काम होतं आणि जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही. पण त्याचं कौतुक करणारं तिथे कुणी नव्हतं, आणि त्या घरात ते शोभलंही नसतं. त्याच आठवड्यात तात्यांनी मला आणखी एक काम सांगितलं. वैशालीला ईमेलचा वेगळा पत्ता काढून दिला. दिवाणजी जरा नाराज झाले.

अविनाशनं सही केली नाही. डिसेंबरात तो परत आला आणि तात्यांनी घरी सत्यनारायण घातला. मलाही बोलावणं होतं. वैशालीच्या माहेरची माणसं दहिवडीहून आली होती, आई, दोन मावश्या, एक भाऊ. दिवाणखान्यात पाट मांडले, पेठेतले व्यापारी हात धुऊन आले. तेव्हा तात्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा मंडळी. दहिवडीच्या गाडीवाल्यांना आधी बसूं द्या." वैशालीची आई संकोचली. बायका पहिल्या पंगतीला कशा बसणार? पण तात्यांनी ऐकलं नाही. व्यापारी गप्पा मारत व्हरांड्यात उभे राहिले. त्या तिघी पाटावर बसल्या, वैशालीलाही त्यांच्या शेजारी बसवलं, आणि अविनाश प्रसादाचा शिरा वाढत होता. मला फार बरं वाटलं. वाटलं, कपाटातला एक नियम बदलला आणि घर बदललं. माणूस तरुणपणी आपल्या हातच्या कामाला फार मोठं समजतो.

मग व्यापारी बसले, मग मी बसलो, मग मुलं, मग दिवाणजी आणि दुकानातले हमाल. दुपार टळली. निघताना मी निरोप घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आक्का एकट्याच पातेल्यांतलं उरलेलं एका ठिकाणी करत होत्या. त्यांचं स्वतःचं ताट अजून मांडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही कधी बसणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "मला कुठली गाडी गाठायचीय?"